दुसऱ्या ताटाची गोष्ट

आशाबाई : मंग खरं सांगून टाका ना विहारात. त्यात लाजायचं काय? डोक्यात रक्ताची गाठ अडकली, तुम्ही काय ती हातानं नेऊन ठेवली व्हय?

संघपाल : लाजायचं नाही गं. पण सांगू कसं? इतकी वर्षं वर्षावासाचं वाचन मी केलं. आषाढापासून आश्विनापर्यंत, रोज संध्याकाळी. अन् आता मला बस थांब्यावरचं 'बजाजनगर' वाचता येत नाही, असं सांगू लोकांना?

आशाबाई : व्हय. असंच सांगा.

संघपाल : विश्वास नाही बसणार कोणाचा. बोलतो तर चांगला. चालतो. परवा त्या किराणावाल्याला हिशोबाची चिठ्ठीसुद्धा लिहून दिली.

आशाबाई : दिली खरी. अन् घरी आल्यावर तीच चिठ्ठी माझ्यापुढं धरून मलाच इचारलं, आशा, हे कुणी लिहिलं गं, अक्षर चांगलंय.

संघपाल : हसू नको.

आशाबाई : हसू नको तं काय करू? रडून झालं की दवाखान्यात. आता हसायचंच राहिलं. घ्या, ह्या लसणाच्या पाकळ्या सोला, हाताला चाळा राहतो.

संघपाल : लसूण राहू दे. ते पुस्तक घे खाली, फळीवरचं. गुरुजींनी लिहिलेलं, गोष्टींचं.

आशाबाई : माझे हात बघा कसले झालेत. अन् माझ्याकडं कामून? मला पोरांची भाजी टाकायचीय. संध्याकाळी डबे कोण भरंल?

संघपाल : आज डबे नाहीतच. आज सगळी पोरं विहारात जेवणार. विसरलीस? आज दुसऱ्या ताटाची संध्याकाळ.

आशाबाई : डब्यांचं सवयीनं बोलून गेले, ते इसरते व्हय मी. त्याच्याच तर तयारीला लागलेय सकाळधरून. येसराची आमटी अन् भाकरी. पुस्तकाचं काय म्हणत व्हता?

संघपाल : ऐक. गोष्ट मला तोंडपाठ आहे. दरवर्षी वाचलीय. संध्याकाळी मी पुस्तक मांडीवर उघडं ठेवणार, नजर खाली ठेवणार अन् म्हणत जाणार. कोणाला कळणार नाही. फक्त आत्ता तू पानावर बोट ठेवून एकदा बघ, मी कुठं चुकतोय का.

आशाबाई : अन् पान कधी उलटायचं ते?

संघपाल : तू पुढंच बसतेस. तू खोक.

आशाबाई : मी खोकायचं अन् तुम्ही पान उलटायचं. मंग कंपनीची पेन्शन कशाला, तमाशाचा फडच काढू की आपण.

संघपाल : आशा, चेष्टा नको.

आशाबाई : चेष्टा तुम्ही लावलीय. वाचल्यासारखं करायचं, हे काय वाचणं हाय का? अन् पुस्तक उलटं धरलं म्हंजे?

संघपाल : उलटं-सुलटं कळतं मला. चित्रं कळतात. माणसं कळतात. फक्त अक्षरं... कसं सांगू तुला. दिसतात. काळी काळी, ओळीनं बसलेली, सगळी स्वच्छ दिसतात. पण बोलत नाहीत. बसच्या बंद काचेपलीकडं ओळखीचा माणूस काहीतरी सांगतोय, ओठ हलताहेत, अन् आपल्याला काहीच ऐकू येत नाही, तसं.

आशाबाई : ते घाटी दवाखान्यातले डॉक्टर म्हणले तसंच की. डोळे चांगले, बोलणं चांगलं, हातसुद्धा लिहितो. फक्त डोळ्यांनी बघितलेलं अक्षर जिथं त्याचा अर्थ लागतो तिथवर पोचत नाय. मधला रस्ता बंद झालाय.

संघपाल : तुला बरं ध्यानात राहिलं.

आशाबाई : माझ्या माणसाच्या डोक्याचं हाय, ध्यानात नाय ठेवणार तं काय करणार? ... थांबा, फोन वाजतोय. बघा कोणाचा हाय.

संघपाल : नाव दिसतंय गं, पण...

आशाबाई : अगं बाई, चुकले. द्या इकडं. का... का... सा... काकासाहेब. काकासाहेबांचा हाय. मोठ्यानं लावते. जय भीम भाऊजी.

काकासाहेब : जय भीम वहिनी, जय भीम! क्या हाल है आमच्या साहेबांचे? बाजूलाच आहेत ना?

संघपाल : जय भीम. बोला.

काकासाहेब : बोला काय, तुम्ही बोला! तीन महिने झाले, विहारात नुसती शांतता. संघपालभाऊ, आज गोष्ट तुमची बरं का. मी कोणाचं ऐकणार नाही. तब्येतीचं कारण तं बिलकूल सांगू नका. खुर्ची ठेवतो, पंखा ठेवतो, माईक ठेवतो. तुम्ही फक्त यायचं अन् वाचायचं.

संघपाल : काकासाहेब, ते जरा...

काकासाहेब : ते जरा नाही नि हे जरा नाही. पोरांना मी सांगून आलोय खोल्याखोल्यांवर. लासूर स्टेशनची चार नवीन पोरं आलीत, त्यांना म्हटलं, बाबांनो, आज विहारात जेवण, घरून प्रत्येकजण एक ताट जास्तीचं आणतो. ती म्हणतात, कशासाठी? म्हटलं, गोष्ट ऐका, मंग कळंल. 'फक्त त्याच्या वाटचं कोणाला तरी वाढ.' ते वाक्य तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय आमच्या बायका ताट उघडत नाहीत, माहीत आहे ना? बरं, तुमच्यानं होतच नसंल तं सांगा. त्या संस्कृतीला बसवतो. कॉलेजात वक्तृत्वाला पहिली आली पोरगी, फाडफाड वाचती. पण मजा तुमचीच हो.

संघपाल : नाही, नाही. मी येतो.

काकासाहेब : ये हुई ना बात! चला, ठेवतो. सतरंज्या आणायला पोरं पाठवायचीत. वहिनी, आमटी जरा जास्त करा!

आशाबाई : झालं? येतो म्हणून बसले?

संघपाल : मग काय म्हणणार होतो? तू ऐकलंस ना.

आशाबाई : ऐकलं. त्या पोरीला बसवतो म्हणले. बसवू द्यायचं होतं. चांगली वाचती पोरगी.

संघपाल : चांगली वाचते, पण... ती गोष्ट मी वाचायची आशा. बाकी सगळी पुस्तकं दुसऱ्यांनी वाचावीत. ही नाही. तुला माहीत आहे.

आशाबाई : ... माहीत हाय. बरं. हात धुऊन येते. चष्मा कुठंय माझा?

संघपाल : तुझ्या डोक्यावर.

आशाबाई : हां. हे काय, बसले. कोणतं पान?

संघपाल : खूण घातलेली आहे, बघ. बसचं तिकीट.

आशाबाई : सापडलं. पण आधीच सांगते, मी पाचोडच्या शाळेत चौथीपर्यंत, अन् त्यानंतर वाचलं काय, तं पोरांच्या डब्यावरची नावं. मी लई हळू वाचते. ओळीच्या शेवटाला जाईस्तोर ओळीचं सुरुवातीचं निसटून जातं. मंग पुन्हा पहिल्यापासून.

संघपाल : कारण तू एकेक अक्षर उचलतेस. असं नाही वाचायचं. पूर्वी मी वाचायचो तेव्हा अक्षराकडं बघतसुद्धा नव्हतो. पुढं काय येणार ते मनात आधीच तयार असतं. डोळे नुसते खात्री करून घेतात. 'नदीकाठच्या' म्हटलं की 'गावात' येणारच. ते वाचावं लागत नाही, ते आपोआप येतं. पुढचं मनात धरून चाललं की वाचन पळतं.

आशाबाई : तुम्ही पळा. मी चालते. म्हणा.

संघपाल : एका नदीकाठच्या गावात एक विणकरीण राहत होती.

आशाबाई : एका... न-दी-का-ठ-च्या... व्हय. विणकरीण. व्हय, हाय. पुढं.

संघपाल : तिचा एकुलता एक मुलगा होता. एका पावसाळ्यात नदीला पूर आला आणि तो मुलगा पुरात वाहून गेला.

आशाबाई : ... वाहून गेला. हाय.

संघपाल : गाव म्हणालं, बाई, रड. ती रडली नाही. ती रोज दुपारी दोन ताटं वाढू लागली. एक स्वतःचं आणि एक त्याचं.

आशाबाई : जरा दमानं. 'ती रोज दु-पा-री'... व्हय. बरोबर. शब्दाला शब्द बरोबर हाय की तुमचा.

संघपाल : सांगितलं ना, पाठ आहे. त्याच्या ताटातली भाकरी संध्याकाळपर्यंत वाळून जाई. ती भाकरी ती चिमण्यांना घाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरं ताट मांडी. असे पुष्कळ दिवस गेले. एकदा दुपारी दारात एक भिक्खू आले. त्यांनी दोन ताटं पाहिली. त्यांनी विचारलं, दुसरं ताट कोणाचं?

आशाबाई : इथं खोकले मी. पान संपलं.

संघपाल : हां, इथं उलटायचं. ध्यानात ठेवतो. 'कोणाचं'वर उलटायचं. ती म्हणाली, जो यायचा आहे त्याचं. भिक्खू थोडा वेळ गप्प उभे राहिले.

आशाबाई : गप्प... उभे... राहिले. हाय.

संघपाल : मग भिक्खू म्हणाले, बाई, त्याला विसरू नकोस. ताटही उचलू नकोस. फक्त त्याच्या वाटचं कोणाला तरी वाढ.

आशाबाई : मग... भिक्खू...

संघपाल : गोष्ट संपली. बरोबर ना?

आशाबाई : थांबा.

संघपाल : काय झालं?

आशाबाई : थांबा हो जरा. मी वाचते. मग भि-क्खू म्ह-णा-ले. व्हय. बाई. व्हय. जो... गे-ला... तो...

संघपाल : 'जो' कुठून आला? ओळ चुकली तुझी. वर 'जो यायचा आहे' आहे, त्याच्यावर गेलीस.

आशाबाई : नाय. वरचं वर हाय. हे खालचं. माझं बोट हाय त्याच्यावर. जो गेला तो जे-वा-य-ला येत नाही.

संघपाल : काहीतरीच.

आशाबाई : उद्यापासून एकच ताट मांड.

संघपाल : आशा, तू नीट वाच. तू म्हणालीस ना, ओळीच्या शेवटी जाईपर्यंत...

आशाबाई : हळू वाचते, पण नसलेलं वाचत नाय मी. मला येतच नाय तसं वाचायला. जेवढं हाय तेवढंच.

संघपाल : पान चिकटलं असंल दुसरं. मधलं पान राहिलं.

आशाबाई : नाय चिकटलं. बघा, आकडे वळीनं हायेत. हे बघा. पुढं लिहिलंय, 'ती उठली. तिनं दुसरं ताट धुऊन फळीवर ठेवलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.' संपली गोष्ट. खाली फूल काढलंय.

संघपाल : फूल आहे. ते मला माहीत आहे. फुलाच्या वर, अगदी शेवटची ओळ, 'फक्त त्याच्या वाटचं कोणाला तरी वाढ.' मला दिसते ती ओळ. आत्तासुद्धा डोळे मिटले की दिसते, छापलेली. 'वाढ'नंतर पूर्णविराम.

आशाबाई : अहो, नाय तिथं.

संघपाल : दे इकडं पुस्तक.

आशाबाई : घ्या. दिसतंय काही?

संघपाल : दिसतंय सगळं. एकही बोलत नाही. दुसरं पुस्तक आहे का हे? गुरुजींनी पुन्हा छापलं असंल, बदललं असंल.

आशाबाई : गुरुजींना जाऊन किती वर्षं झाली? एवढी एकच प्रत हाय वस्तीत, तीबी तुमच्याजवळ. तिकीटबी तुमचंच, खुणेचं. हात द्या.

संघपाल : कशाला?

आशाबाई : डावा द्या, डावा. दवाखान्यातल्या त्या मॅडमनी शिकवलंय ना, डोळ्यानं नाय कळलं तं तळहातावर काढायचं. माझा भरवसा नाय ना, मंग तुम्हीच वाचा. मी पुस्तकात बघून काढते. काढू?

संघपाल : काढ.

आशाबाई : हे बघा.

संघपाल : ए.

आशाबाई : हे.

संघपाल : क... एक. पुन्हा काढ ते शेवटचं, गुदगुल्या होतात. च. एकच.

आशाबाई : हे?

संघपाल : त. काना. ता. ... ट. ताट.

आशाबाई : हे.

संघपाल : म... वर टिंब दिलंस? टिंब वर कुठं दिलंस? मनगटावर? मां. मांड. ... एकच ताट मांड.

आशाबाई : वाचलं ना तुम्हीच?

संघपाल : वाचलं.

(बाहेर कंपनीची बस थांबते आणि निघून जाते.)

आशाबाई : मंग मी काय केलं इतकी वर्षं?

संघपाल : आशा...

आशाबाई : नाय, सांगा मला. आपला सुयश गेला त्या साली विहारात तुम्ही ही गोष्ट वाचली. मी दोन महिने अन्नाला शिवत नव्हते. त्याचा आयटीआयचा डबा घासून-पुसून फळीवर ठेवला व्हता, रोज काढायचे, रोज ठेवायचे. त्या संध्याकाळी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डब्यात भाजी-भाकरी भरली अन् समोरच्या खोलीतल्या त्या शिवमला नेऊन दिली. त्याला ताप व्हता अन् बघायला कोणी नव्हतं. तिथून सुरू झालं. शिवमचे दोस्त आले, मंग त्यांचे दोस्त. लोक म्हणतात आशाबाईनं खानावळ काढली. मी कुठं काढली? मला भिक्खूंनी सांगितलं व्हतं, त्याच्या वाटचं वाढ. मी आपली वाढत गेले.

संघपाल : चांगलंच केलंस ना.

आशाबाई : पण सांगितलंच नव्हतं! पुस्तकात तं म्हणलंय, ताट उचल. जो गेला तो येत नाय. अन् मी आजूक त्याचा डबा काढते रोज सकाळी, पहिला भरते तो. म्हंजे मी सगळं उलटंच केलं का?

संघपाल : रडू नको. गुरुजींनी लिहिलं ते खोटं नाही. त्यांच्या गोष्टीतल्या बाईला तेच लागू पडलं असंल. ती रडत नव्हती, तिला रडायला लावलं भिक्खूंनी.

आशाबाई : अन् मला?

संघपाल : तू तर रडतच होतीस.

आशाबाई : मंग तुम्हाला कुठून सुचलं ते? खरं सांगा. मुद्दाम बदललं?

संघपाल : नाही गं. शपथ. मी आयुष्यात एक अक्षर पदरचं घातलं नाही वाचताना. दुसऱ्यांना टोकायचो त्यावरून, गुरुजींचं आहे तसं वाचा म्हणून. मुद्दाम करीन का?

आशाबाई : आठवून बघा. त्या संध्याकाळचं.

संघपाल : त्या संध्याकाळचं... मला यायचंच नव्हतं. काकासाहेबच घेऊन गेले हाताला धरून. पुस्तक उघडलं तेव्हा माहीत नव्हतं कोणती गोष्ट येणार. आधी कधी वाचलेली नव्हती ही. वाचत गेलो, अन् मुलगा वाहून गेला तिथं आल्यावर कळलं काय वाचतोय ते. तोवर थांबता येईना.

आशाबाई : मंग?

संघपाल : पान उलटलं. 'भिक्खू गप्प उभे राहिले.' तिथं वर बघितलं. तू पहिल्या सतरंजीवर होतीस, भिंतीला टेकून. तुझी मान खाली होती, अन् 'भिक्खू म्हणाले' म्हटल्यावर तू वर बघितलंस. माझ्याकडं. भिक्खू आता काय सांगतात, असं.

आशाबाई : व्हय. बघितलं व्हतं मी. मला पाहिजे व्हतं कोणीतरी सांगायला.

संघपाल : तेवढं आठवतं मला. तुझा चेहरा आठवतो. त्यानंतरचं पान आठवत नाही.

आशाबाई : म्हंजे पानावर बघितलंच नाय तुम्ही.

संघपाल : बघितलं असंल. डोळे गेलेच असतील तिकडं. पण पुढचं मनात आधीच तयार झालं असंल. अन् पुढच्या वर्षीपासून ते मला तिथं छापलेलंच दिसायला लागलं. दरवर्षी दिसलं. आशा, माझं डोकं आत्ता बिघडलं, पण हे तर चांगलं असताना झालं.

आशाबाई : मगाशी काय शिकवलं मला? पुढचं मनात धरून वाचायचं, अक्षराकडं बघायचंच नाय.

संघपाल : बरोबर. माझंच माझ्या पदरात घातलंस.

आशाबाई : मी तुम्हाला दोष देत नाय. मी नुसती म्हणते... इतकी वर्षं मला वाटायचं, भिक्खूंनी सांगितलं. इतकं मोठं कोणीतरी. तुम्ही तं सुयश गेल्यावर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आठवतंय? कामावर जायचं, यायचं, भिंतीकडं तोंड करून झोपायचं. मला वाटायचं, ह्या माणसाला काही वाटतंय का नाय.

संघपाल : वाटत होतं. बोलता येत नव्हतं. पुस्तक हातात असलं की येतं मला बोलता.

आशाबाई : म्हंजे ते मला तुम्ही सांगितलं व्हतं.

संघपाल : ... तसंच दिसतंय.

आशाबाई : अन् मला आज कळतंय.

संघपाल : मलापण आजच कळतंय. वाचता येत नाही तेव्हा.

आशाबाई : डोळे पुसा. हातानं नाय, हा घ्या पदर.

संघपाल : मग आता संध्याकाळचं काय करायचं? ते संस्कृतीला बसवतील तर ती छापलेलं वाचणार. फाडफाड वाचंल, 'एकच ताट मांड'. समोर बायका ताटं घेऊन बसलेल्या. नवीन पोरं जेवायला बसलेली. अन् मी बसलो तर... आता माहीत झाल्यावर, पुस्तक मांडीवर ठेवून नसलेलं वाचू कसं? काल जमलं असतं. आज तोंडातून निघायचं नाही.

आशाबाई : ते पान गाळायचं का?

संघपाल : गाळायचं कसं? गोष्टीचा शेवट आहे तो. गुरुजींनी जीव टाकून लिहिलाय.

आशाबाई : मंग असं करू. मी वाचते.

संघपाल : तू?

आशाबाई : का? आत्ता वाचलं की सगळं. हाय तसं वाचलं, पदरचं नाय घातलं.

संघपाल : माईकवर? एवढ्या लोकांत?

आशाबाई : हळू वाचीन. बसतील लोक. आमटी खायची असंल तं बसावंच लागंल. अन् आधी मीच सांगते सगळ्यांना, की आमच्या ह्यांना आजारपणानं वाचता येत नाय, त्यांनी काही लपवलं नाय, बोलायला जरा जड गेलं एवढंच. काकासाहेब काय आपल्याला खात नाहीत.

संघपाल : अन् मी काय करू? घरी बसू?

आशाबाई : घरी कशाला? माझ्या शेजारी बसायचं, खुर्चीवर. पंखा ठेवणार हायेत तुमच्यासाठी. मी वाचत जाते. 'एकच ताट मांड', तिथवर वाचते, ताट फळीवर ठेवलं, ती रडली, तिथवर सगळं वाचते. गुरुजींचं गुरुजींना. मंग पुस्तक मिटते.

संघपाल : अन् मग?

आशाबाई : मंग तुम्ही बोलायचं. तुमचं.

संघपाल : पुस्तकाशिवाय?

आशाबाई : पुस्तकात नायच ते. पुस्तक काय करायचं?

संघपाल : मला नाही जमायचं आशा. रिकाम्या हातानं मी कधी बोललोय का चार लोकांत? तू मला ओळखतेस. अन् काय म्हणून सांगू? भिक्खू म्हणाले म्हणू?

आशाबाई : भिक्खू नका म्हणू. आमचा मुलगा गेला तवा मी हिला असं म्हणलो, म्हणा.

संघपाल : सुयशचं नाव घ्यायचं? विहारात?

आशाबाई : घ्या की. त्याच्या वाटचं जेवतात सगळे, त्यांना माहीत तं व्हऊ द्या कोणाच्या वाटचं जेवतो ते.

संघपाल : अन् शब्दच नाही आले मला तिथं, तर?

आशाबाई : तं माझ्याकडं बघा.